‘डेस्परेटली’ : एका क्रियाविशेषणाचा अर्थविचार



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपली शाळा हे व्याख्यान योजते, त्यांनी आम्हांला इंग्रजी शिकवले. अशा प्रसंगी राष्ट्र, संस्कृती, शिक्षणाचे भवितव्य असे भव्य विषय निवडण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे. मी मात्र आज एकच इंग्रजी शब्द घेऊन आपल्यासमोर उभा आहे, आणि तोही नाम नव्हे, क्रियापद नव्हे, तर व्याकरणात ज्याला दुय्यम मान मिळतो असे एक क्रियाविशेषण : ‘डेस्परेटली’. या शब्दाचे माझ्यावर एक जुने ऋण आहे. ऋण म्हणण्यापेक्षा माझ्याकडून त्या शब्दाबाबत एक चूक घडली आहे, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

गोष्ट १९६४ सालची. मी शाळेच्या वरच्या वर्गात होतो. आमच्या गल्लीत इंग्रजी वाचू शकणारी माणसे थोडी, आणि दुपारच्या वेळी घरी सापडणारा तर मी एकटाच. शेजारच्या मावशींचा मुलगा रेल्वेच्या नोकरीत दूर आंध्रात होता. एके दिवशी त्याच्या सोबत्याचे पत्र आले. सोबत्याला मराठी येत नव्हते म्हणून त्याने ते इंग्रजीत लिहिले होते. मावशी पत्र घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “काय लिहिलंय ते वाचून सांग की रे बाळ.” पत्र चार ओळींचे होते. त्यात त्यांचा मुलगा ‘डेस्परेटली इल’ आहे असे शब्द होते. ‘इल’ म्हणजे आजारी, हे मला ठाऊक होते. दुसरा शब्द मी माझ्याजवळच्या लहानशा शालेय कोशात काढला. तेथे ‘निराश होऊन, निराशेने’ असा अर्थ दिलेला होता. मी दोन्ही अर्थ जोडले आणि मावशींना सांगितले, “तो आजारी आहे आणि मनाने निराश झाला आहे.” मावशींनी माझ्याकडूनच धीराचे पत्र लिहवून घेतले : बाबा रे, आजार काय, येतो आणि जातो, मन खचू देऊ नकोस. ते पत्र टपालात पडल्यानंतर पाचव्या दिवशी तार आली. तारेचा अर्थ लावण्यासाठी कोश काढावा लागला नाही.

मी सरांकडे जाऊन हे सांगितले. ते रागावले नाहीत. कोश मिटून त्यांनी बाजूला ठेवला आणि म्हणाले, “शब्दाला एकट्याला गाठून त्याचा अर्थ विचारू नकोस. त्याच्या शेजारी कोण बसले आहे ते आधी पाहा.” पुढे मी स्वतः शिक्षक झालो आणि तीस-बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. या एका शब्दाचा अर्थ सांगताना मात्र खडू हातात घेऊन प्रत्येक वेळी क्षणभर थांबत आलो.

कोशातला अर्थ चुकीचा नव्हता, ही यातली खरी अडचण आहे. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘स्पेस’ म्हणजे आशा, ‘स्पेरारे’ म्हणजे आशा धरणे. त्याला ‘दे’ हा दूरत्व दाखविणारा उपसर्ग लागून ‘देस्पेरारे’, म्हणजे आशा सोडून देणे, हे क्रियापद सिद्ध झाले. ‘डिस्पेअर’ हे इंग्रजी नाम फ्रेंचमार्गे याच मूळापासून आले. झामेनहॉफ यांनी १८८७ साली आपली कृत्रिम विश्वभाषा प्रसिद्ध करताना ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा धरणारा, असे टोपणनाव घेतले आणि पुढे त्या भाषेलाच ‘एस्पेरांतो’ म्हणू लागले. तेही या कुळातले. तेव्हा मूळाकडे पाहिले तर ‘डेस्परेटली’ म्हणजे ‘आशा सोडून’ हेच बरोबर. जाता जाता विद्यार्थ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून ठेवतो. ‘डेस्परेट’च्या मधल्या अक्षराशी ‘ई’ लिहावा की ‘ए’, असा घोटाळा नेहमी होतो, कारण ‘सेपरेट’मध्ये त्या जागी ‘ए’ आहे. ‘डेस्परेट’ ‘स्पेरारे’पासून आला म्हणून त्यात ‘ई’. ‘सेपरेट’ हा ‘पारारे’, म्हणजे सिद्ध करणे, या धातूपासून आला म्हणून त्यात ‘ए’. पाठांतरापेक्षा ही व्युत्पत्ती अधिक काळ लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

हा शब्द पंधराव्या शतकापासून इंग्रजीत आहे, पण आशा सुटण्याच्या त्या एका कल्पनेला पुढे निरनिराळ्या फांद्या फुटल्या.

पहिली फांदी रोगाची. ज्या रोग्याची वैद्यांनी आशा सोडली, त्याला लॅटिनमध्येही हेच विशेषण लावीत. येथे एक बारीक पण महत्त्वाचा बदल होतो. आशा सोडली आहे ती रोग्याने नव्हे, पाहणाऱ्याने. भावना एकाची आणि विशेषण चिकटले दुसऱ्याच्या अवस्थेला. इंग्रजीत १६११ साली जे बायबलचे प्रसिद्ध भाषांतर झाले, त्यात यिर्मयाच्या सतराव्या अध्यायात मनुष्याच्या हृदयाचा दुष्टपणा सांगताना हे क्रियाविशेषण योजले आहे. तेथील मूळ हिब्रू शब्दाचा भाव ‘असाध्य, बरा न होणारा’ असा आहे. हृदय निराश झाले आहे असे तेथे म्हणायचे नाही. ते उपचारापलीकडे गेले आहे असे म्हणायचे आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये चौथ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात राजा क्लॉडिअस जिवावरच्या दुखण्याला तसाच जहाल उपाय लागतो असे म्हणतो, तेव्हा रोग आणि उपाय या दोहोंनाही तो हेच एक विशेषण लावतो. टॉमस हार्डी यांच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीचे नावही ‘डेस्परेट रेमेडीज’ असेच आहे. रोग ‘डेस्परेट’ असतो तेव्हा त्याची आशा उरलेली नसते. उपाय ‘डेस्परेट’ असतो तेव्हा तो, दुसरा काही उरला नाही म्हणून, परिणामाची पर्वा न करता केलेला असतो. एका वाक्यात शब्द एकच असून त्याचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

‘डेस्परेटली इल’ ही याच फांदीवरची जोडी आहे. मराठीत तिला ‘अत्यवस्थ’ हा नेमका शब्द आहे. ते पत्र मी आज वाचले असते, तर मावशींना सांगितले असते : “तो अत्यवस्थ आहे, आजच्या गाडीने निघा.” ‘निघा’ असे पत्रात कोठेही लिहिलेले नव्हते. पण त्या परक्या सोबत्याला तेच सांगायचे होते, आणि ते सांगण्याचे सारे काम त्याने त्या एका क्रियाविशेषणावर सोपविले होते.

दुसरी फांदी धाडसाची. ज्याला आशा नाही, त्याला भीतीही नाही. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या अखेरच्या अंकात स्मशानगृहाच्या दाराशी रोमिओ पॅरिसला दूर होण्यास विनवितो, तेव्हा तो स्वतःला हेच विशेषण लावतो. मी खचलो आहे असे त्याला म्हणायचे नाही. माझ्याजवळ आता गमावण्यासारखे काही नाही, म्हणून माझ्या वाटेस जाऊ नकोस, अशी ती सूचना आहे. याच अर्थाने सतराव्या शतकापासून इंग्रजीत ‘डेस्पराडो’ असा स्पॅनिश धाटणीचा शब्द रूढ झाला. पाश्चात्त्य चित्रपटांतला घोड्यावरचा तो बेदरकार दरोडेखोर आपण सर्वांनी पाहिला आहे. तो कोणत्याही अंगाने निराश दिसत नाही.

युद्धवर्णनांत हे क्रियाविशेषण याच अर्थाने येते. सैन्य ‘डेस्परेटली’ लढले असे इंग्रजीत वाचले आणि ‘सैन्य निराशेने लढले’ असे मराठी केले, तर अर्थाचा अनर्थ होतो. १६६० सालच्या जुलै महिन्यात शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जात असता बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली, त्या झुंजीचे वर्णन कोणी इंग्रजीत करू लागला तर हा शब्द त्याच्या लेखणीशी आपण होऊन येईल. तेथे ‘निराशेने’ हा प्रतिशब्द घालणे म्हणजे केवळ चुकीचे भाषांतर नव्हे, त्या माणसांचा तो उपमर्द आहे. आपल्याकडे त्याला ‘निकराने’, ‘शर्थीने’, ‘जिवावर उदार होऊन’ असे तोलामोलाचे शब्द आहेत. यांपैकी ‘जिवावर उदार होऊन’ हा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात परत येण्याची आशा सोडल्याची खूण शिल्लक आहे.

तिसरी फांदी मात्र या शब्दाचे खरे नवल आहे, आणि आजच्या इंग्रजीत तीच सर्वांत मोठी आहे. इच्छा, गरज, शोध, प्रयत्न दाखविणाऱ्या क्रियापदांबरोबर ‘डेस्परेटली’ येते : कोणाला काही ‘डेस्परेटली’ हवे असते, कोणी कोणाला ‘डेस्परेटली’ शोधत असतो, कोणी वाचण्याचा ‘डेस्परेटली’ प्रयत्न करीत असतो. इतकेच नव्हे, इंग्रज माणूस ‘डेस्परेटली’ आशाही करतो. म्हणजे ज्याचा मूळ अर्थ ‘आशा सोडून’, ते क्रियाविशेषण आशा करण्याच्याच क्रियापदाला जाऊन बिलगले. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा वदतोव्याघात झाला, आणि वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी त्यावर हमखास बोट ठेवतो.

मला त्याचा उलगडा असा वाटतो. बुडणाऱ्या माणसाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तरून जाण्याची वाजवी आशा त्याला उरलेली नाही; तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो हाती लागेल ती काडी धरतो. बुडत्याला काडीचा आधार, असे आपण म्हणतोच. बुद्धीने सोडलेली आशा हातांनी सोडलेली नसते. इंग्रजी क्रियाविशेषणाने पुढे पुढे बुद्धीचा तो निवाडा बाजूला ठेवला आणि हातांची धडपड तेवढी आपल्या अर्थात ठेवून घेतली. म्हणून आज या शब्दात आशेचा अभाव हा मुख्य अर्थ नाही. हाती असलेला वेळ आणि साधन संपत आल्याची जाणीव, आणि त्या जाणिवेने दुणावलेला वेग, हा मुख्य अर्थ आहे.

हे ‘होपलेसली’शी तुलना केली म्हणजे स्पष्ट होते. ‘होपलेसली’ म्हणजेही आशाहीनपणे. पण रानात ‘होपलेसली’ वाट चुकलेला माणूस झाडाखाली बसला आहे, आणि ‘डेस्परेटली’ वाट शोधणारा अजून चालतो आहे. आपले ‘निराशेने’ आणि ‘हताशपणे’ हे दोन्ही शब्द पहिल्या माणसाचे आहेत. दुसऱ्यासाठी ‘जिवाच्या आकांताने’, ‘जीव तोडून’, ‘आटोकाट’, ‘काकुळतीला येऊन’ यांतून प्रसंग पाहून निवड करावी लागते. माणूस पळत असेल तर जिवाच्या आकांताने. काम करीत असेल तर जीव तोडून. मागत असेल तर काकुळतीला येऊन. मराठी येथे गरीब नाही, उलट अधिक चोखंदळ आहे. इंग्रजीने एका शब्दावर भागविले तेथे आपण धावणाऱ्याचा, राबणाऱ्याचा आणि याचकाचा वेगळा विचार केला. ‘फ्रँटिकली’ हा आणखी एक शेजारी. त्यातही धावपळ आहे, पण ती सैरावैरा. ‘डेस्परेटली’ धावणाऱ्याला कोठे जायचे ते ठाऊक असते.

येथे आपल्या भाषेतल्या तीन शब्दांचा विचार केल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘अगतिक’ म्हणजे ज्याला गती, म्हणजे मार्ग, नाही. ‘नाइलाज’ म्हणजे ज्यावर इलाज नाही. मूळ अरबी ‘इलाज’ हा औषधोपचारवाचक शब्द, म्हणजे क्लॉडिअसच्या त्या रोगाच्या अगदी शेजारचा. ‘लाचार’ म्हणजे ज्याला ‘चारा’, अर्थात फारसीत उपाय, उरला नाही. तिन्ही शब्दांची जन्मकथा लॅटिन शब्दाच्या जन्मकथेशी जुळते : वाट संपलेला माणूस. पण पुढचा प्रवास पाहावा. ‘अगतिक’ जागच्या जागी थिजून राहिला. ‘लाचार’ दुसऱ्याच्या पायाशी वाकला आणि त्या शब्दाला तिरस्काराची छटा आली. ‘नाइलाज’ तर इतका सौम्य झाला की बस चुकली म्हणून आपण नाइलाजाने रिक्षा करतो. अडलेल्या माणसाबद्दल आपल्या भाषेत करुणा आहे, थोडी थट्टाही आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी या म्हणीत दोन्ही एकत्र आहेत. इंग्रजी शब्द मात्र वाट संपल्यावर भिंतीला धडका देऊ लागला. यावरून दोन समाजांच्या स्वभावाविषयी सिद्धान्त मांडण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण ‘निकराने’ आणि ‘शर्थीने’ हेही आपलेच शब्द आहेत, आणि इंग्रजांच्या घरीही ‘होपलेसली’ आहेच.

आपल्या बेळगावच्या मंडळींना ही तुलना करण्याची सवय जन्मापासूनची आहे. घरात मराठी, बाजारात कानडी, कचेरीत इंग्रजी, आणि चित्रपटगृहात हिंदी असा आपला दिनक्रम. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम प्रसिद्ध झाला आणि त्याच साली बेळगावात बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. पुढे त्याच मोल्सवर्थी कोशाचा संक्षेप करण्याचे काम ‘यमुनापर्यटन’कार बाबांनी केले. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी, कोश मोल्सवर्थ यांनी आरंभिला आणि कँडी यांनी पुरा करून १८४७ साली तो प्रसिद्ध झाला. हे मोठे कोश उघडले म्हणजे एकेका इंग्रजी शब्दापुढे मराठी शब्दांची रांग दिसते, आणि ती रांगच वाचकाला सावध करते. माझ्या हातात पडला तो होता खिशात मावणारा शालेय कोश, एका शब्दाला एक शब्द देणारा. कोशाचा आकार लहान असला म्हणून अर्थ लहान होत नाही, हे त्या वयात मला कोणी सांगितले नव्हते.

आता थोडे व्याकरण. हे क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधीही चालते आणि नंतरही. बोलण्यात ते बहुधा आधी येते. विशेषणाआधी आले तर ते अवस्थेची तीव्रता सांगते, आणि ती अवस्था बहुधा दुःखाची असते : ‘डेस्परेटली’ गरीब, ‘डेस्परेटली’ एकाकी, ‘डेस्परेटली’ दुःखी. सुखाच्या विशेषणांशी त्याचे फारसे जमत नाही. कोणी ‘डेस्परेटली हॅपी’ असे लिहिले तर इंग्रजी वाचकाला त्या सुखाबद्दलच शंका येते. हा माणूस सुखी असल्याचे सोंग तर करीत नाही ना, असे त्याला वाटते. प्रेमाच्या बाबतीत मात्र ‘डेस्परेटली इन लव्ह’ ही जोडी पक्की रुजली आहे, आणि तिचे मराठी ‘प्रेमात आकंठ बुडालेला’ असे केले तर बुडणाऱ्या माणसाचे मघाचे चित्रही टिकते. उच्चाराविषयी इतकेच, की इंग्रज माणूस मधला स्वर जवळजवळ गिळतो आणि ‘डेस्प्रट्ली’ असे काहीसे म्हणतो. आपण चारही अवयव स्वच्छ म्हटले तरी बिघडत नाही.

तीव्र भावनेच्या शब्दांना एक रोग जडतो, तो झिजण्याचा. ‘ऑफुली’ आणि ‘टेरिबली’ या शब्दांत एके काळी खरे भय होते. आज इंग्रज माणूस चहा दिल्याबद्दल ‘ऑफुली’ आभारी असतो. आपणही ‘भयंकर आवडले’ म्हणतोच, आणि ऐकणारा घाबरत नाही. ‘डेस्परेटली’ त्या वाटेवर आहे, पण पोहोचलेले नाही. वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिरातींनी त्याला बरेच झिजविले. १९८५ साली सुसान सायडलमन यांनी दिग्दर्शित केलेला ‘डेस्परेटली सीकिंग सुसान’ हा अमेरिकन चित्रपट निघाला, त्याचे नाव कथेतल्या अशाच एका वैयक्तिक जाहिरातीवरून आले आहे. ज्या तळमळीसाठी एके काळी जीव पणाला लागत असे, ती शब्दाच्या दराने छापून मिळू लागली. आता भ्रमणध्वनीवरच्या निरोपांत माझी नातवंडे सुट्टीची, निकालाची, आणि आइस्क्रीमचीही ‘डेस्परेटली’ वाट पाहतात. मी त्यांना हटकत नाही, पण वाचताना एकदा तो शब्द खालून वर पाहतो.

इंग्रजांच्या संभाषणात या शब्दाची एक नकारी लकबही आहे, तिची नोंद करून थांबतो. एखादी गोष्ट आपल्याला ‘नॉट डेस्परेटली’ आवडते असे कोणी म्हणाला, तर त्याचा अर्थ ‘जीव जाईल इतकी नाही’ असा शब्दशः घेऊ नये. ‘फारशी नाही’ एवढाच घ्यावा, आणि बोलणारा सभ्य असेल तर ‘मुळीच नाही’ असाही. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला इंग्लंडमधल्या यजमानांनी त्याने केलेल्या आमटीबद्दल असे उत्तर दिले होते. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा आमटी केली.